शेऱ्याचा रकाना

वेंगुर्ल्याच्या बंदर कचेरीतून निवृत्त होताना
कोऱ्या राहिलेल्या दोन भरतीवह्या मागून घेतल्या.
गिरपसाहेब म्हणाले, न्या, आता यंत्रच मोजतं पाणी.
रकाने छापलेलेच होते:
तारीख, वेळ, उंची, वारा, शेरा.
उंचीखाली मी तपासलेली पानं लिहिते.
वाऱ्याखाली, त्या दिवशी कोण बोलत होतं ते.

चार कादंबऱ्या. घराणं एकच, तांडेलांचं,
पहिल्या मचव्यापासून विकून टाकलेल्या ट्रॉलरपर्यंत.
एकोणीस वर्षं कचेरी सुटल्यावर लिहिल्या.
आता चारी एकदम जमिनीवर पसरल्यात
वाळवणासारख्या,
आणि मी हातात काठी घेतल्यागत राखण करतेय.

सोमवार. एकतीस पानं. वारा: भागू.
शेरा: पहिल्या भागात भागू डावखुरी आहे,
तिसऱ्यात उजव्या हाताने सुंगटं सोलते.
डावा हात परत दिला.

मंगळवार. सहा पानं.
शेरा: दुसऱ्या भागात बुडालेला येसू
चौथ्यात ओट्यावर बसून चहा मागतो.
कप काढून घेतला. जिवावर आलं.
त्याला साखर कमी लागते हे लक्षात होतं माझ्या,
तो मेलाय एवढंच विसरले.

बुधवार. शून्य.
लाइट नव्हती म्हणावं, तर दिवसा काय झालं होतं?

कुंपणापलीकडून रोझलीन विचारते,
‘काय गो, आज भरती की सुकती?’
‘सुकती. दोनशे ओळी गेल्या.’
‘बरां झालां,’ कोयती धुता धुता ती म्हणते,
‘सुकतीकच कालवां गावतत.’

पाणी रोज पाऊण तास उशिरा येतं, पण येतं.
माझ्या हाताचं तसं नाही.
अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं,
ना धड चढत, ना धड उतरत.
तिसऱ्या भागाचा मधला तुकडा सगळा तसला.
बावीस दिवस मी त्याच कमरभर पाण्यात उभी आहे,
आणि वहीत तोच शेरा:
वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे.

काल त्यातच एक ओळ लागली पायाला.
‘त्या रात्री धक्क्यावर पाणी दोन मीटर पंचेचाळीस होतं.’
हा आकडा ओळखते मी.

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत एकच नोंद
पट्टी न बघता केली.
टेबलावर पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण होतं,
वाक्य अर्ध्यावर आलेलं,
बाहेर काळोख आणि निसरडा धक्का.
खिडकीतून अदमास घेतला, आकडा टाकला, खाली सही.
कोणी बुडालं नाही. कोणी विचारलंही नाही.
आकडा मात्र कधीतरी वहीतून उठून
मुकाट्याने कादंबरीत येऊन बसला.

चार भागांतली माणसं, लग्नं, वादळं, उसनवारी,
सगळं माझ्या मनचं, त्याचं काही वाटत नाही.
त्यात खोटा एवढा एकच आकडा.

आज पौर्णिमा. रात्री बॅटरी घेऊन जुन्या धक्क्यावर गेले.
पट्टीचा रंग उडालाय,
खालचे आकडे कालवांनी झाकलेत.
गुडघे कुरकुरले तरी खाली बसले,
वाचलं, जसं वाचायचं तसं:
लाट चढल्यावरचा आकडा, उतरल्यावरचा आकडा,
आणि मधला धरायचा.
तो आज कुणालाच नको होता.
त्या रात्रीचं पाणी तर कधीच गेलं,
ते आता कुठल्या वहीत मावणार?

घरी येऊन ती ओळ खोडली. वर लिहिलं:
‘त्या रात्री पाणी किती चढलं, कोणी बघितलं नाही.’
मग कंदील घेऊन बाहेर पडायला निघालेली भागू
उंबऱ्यात थांबली,
आणि बावीस दिवसांत पहिल्यांदा
तिला पुढे काय करायचं ते कळलं.

गुरुवार. रात्री पावणेएक.
उंची: एक ओळ.
वारा: पडलेला.
शेरा: पट्टी बघून आले.